तिवराची ओली फांदी

अष्टमी गावाहून सकाळची पेण गाडी पकडायची, खिडकी मिळाली तर डुलकी काढायची आणि कॉलेजात शिरल्या शिरल्या प्रयोगशाळेत जाऊन प्रेस उघडायची. टी.वाय.ला वनस्पतिशास्त्र घेतल्यापासून माझा दिवस असाच सुरू होतो. प्रेस म्हणजे दोन लाकडी जाळ्या आणि दोन पट्टे. मध्ये वर्तमानपत्रांच्या घड्या, घड्यांत आम्ही गोळा केलेल्या वनस्पती. पट्टे करकचून आवळायचे, रोज ओले कागद काढून कोरडे घालायचे. आठवड्याभरात नमुना पापडासारखा होतो. यात अक्कल लागत नाही, चिकाटी लागते, आणि ती माझ्याकडे चिक्कार आहे.

माझी घाणेरी सुकली, टाकळा सुकला, कुर्डू सुकला. खाडीवरच्या खारफुटीतून आणलेली तिवराची फांदी मात्र सुकेना.

आधी वाटलं, पानं जाड आहेत, वेळ लागेल. मग वाटलं, हवा दमट आहे. मी कागद दुप्पट केले. रोज ते चिंब निघायचे, हाताला चिकट, खारट वासाचे. फांदी प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये ठेवली. शेजारी ठेवलेल्या टाकळ्याचा भुगा झाला. तिवर तसाच, पानांवर मिठाचे बारीक कण. सोमवारी शेंड्याला कोवळ्या पानांची एक जोडी दिसली. आवळलेल्या प्रेसमध्ये, काळोखात.

मी ती आमच्या मोकल सरांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे म्हणाले, "तस्नीम, तू रोज ताजी फांदी आणतेस."

"त्यातून मला काय मिळणार, सर?"

"नाव. पेपरात फोटो. मी मुलांना पंधरा वर्षं शिकवतोय, मला नको सांगूस. तुझ्या जर्नलवर माझी सही होणार नाही."

सही नाही म्हणजे प्रॅक्टिकल परीक्षा नाही. परीक्षा नाही म्हणजे एम.एस्सी. नाही, वर्ष गेलं. माझी मैत्रीण किमया म्हणाली, "दुसरी फांदी आण ना सुकवून. कशाला डोकं लावतेस?" घरी अम्मीही तेच म्हणाली. पण दुसरी फांदी आणणं म्हणजे पहिली खोटी होती हे कबूल करणं. मी का कबूल करू? संतापाने माझी जेवणावरची वासना उडाली होती.

बुधवारी मी प्रेस सरांच्या टेबलावर ठेवली. "तुम्हीच आवळा, तुमच्याच कपाटात ठेवा."

त्यांनी ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. आज सकाळी कपाट त्यांनीच उघडलं. कागद चिंब होते. कोवळी जोडी आता चांगली बोटभर झाली होती. सरांनी हात पँटला पुसला, पुन्हा पुसला.

"ऑफिसातही या कपाटाची किल्ली असते," ते म्हणाले.

"मग झाड बघायला चला. मी रोज फांदी तोडत असेन तर तेवढे घाव दिसतील. एकच निघाला तर आजच्या आज सही."

सर माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली घेतली नाही. शेवटी त्यांनी रिक्षा बोलावली.

खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाशी आम्ही उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. ओहोटी होती. इंदुबाई चिखलातले निवट्या मासे धरत होती. फांदी आणली त्या दिवशी तिनेच मला वाट दाखवली होती.

"परत त्या तिवराकडं चाललीस गो?"

"व्हय. सरांना दाखवायचाय."

तिने कंबरेवर हात ठेवून सरांना न्याहाळलं. "त्याच्यावर बगले बसत नाय आता. बसायला येतात न् तसेच जातात." आणि ती पुन्हा वाकली.

बांधावर मी पुढे, सर मागे. तिवर लांबूनच दिसायचा, बांधाच्या टोकाला एकटा. आज तिथे नुसतं आभाळ होतं. एक उभी काळी रेघ तेवढी होती, चिखलात काठी रोवावी तशी.

"कुठाय तुझं झाड?" सरांच्या आवाजात हसू होतं.

कोणी तोडला असेल तर माझ्याकडे पुरावाच उरला नव्हता. तरी मी चालत राहिले. बांध डावीकडे वळला, मी वळणावर आले, आणि ती रेघ रुंद होत गेली.

तिवर जागेवरच होता. पूर्ण, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. फक्त सपाट.

फांद्या सगळ्या एकाच पातळीत पसरलेल्या. पुढे आलेली एकही नाही, मागे गेलेली एकही नाही. पानं काळपट, कडक. एकावर एक येऊ नयेत अशी नीट सोडवून लावलेली.

वारा होता. एकही पान हललं नाही.

मी जवळ गेले. मी घाव बघायला आले होते आणि घाव बघणारच होते. खालून वर एकेक फांदी तपासली. माझ्या कात्रीचा तिरका छेद सापडला. दुसरा कुठेच नव्हता.

मला आनंद झाला. हो, त्या तसल्या झाडासमोर उभी राहूनही झाला.

मग माझ्या डोळ्यांसमोरच्या डहाळीवर एक फिकट पान दिसलं. ते उलटं होतं. नमुना दाबताना एक पान मुद्दाम उलटं ठेवतात, मागची बाजू दिसावी म्हणून. पहिल्याच तासाला शिकवतात ते.

"सर, एकच घाव आहे," मी झाडाकडे बघतच म्हटलं. "सही करा."

पिशवीतून जर्नल काढलं.

मी मागे वळले. सर बांधावर माझ्याकडे तोंड करून उभे होते. अगदी ताठ. हात अंगापासून जरा लांब, बोटं सुटी सुटी.

उजव्या हाताचा तळवा माझ्याकडे होता. डावा हात उलटा.