विरूपाक्ष येईपर्यंत

"पाय सुन्न झाले बाई. म्हातारीला बसवलंय म्हणून आपण बी बसूनच ऱ्हायचं का?" शेजारच्या गुणाबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या.

मी त्यांच्या हातात चहा दिला. सासूबाई आदल्या संध्याकाळी गेल्या होत्या. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसंच समाधीला नेतात. लातूरच्या गंजगोलाईमागच्या आमच्या अंगणात, मांडवाखाली, फळीला टेकून त्या बसल्या होत्या. कपाळभर विभूती, दोन्ही बाजूंना बर्फाच्या लाद्या, मिटलेले डोळे दाराकडं. विरूपाक्षाचं तोंड पाहिल्याशिवाय मला उचलू नका, असं त्यांनी शपथ घालून सांगितलं होतं. विरूपाक्ष माझा धाकटा दीर. लंडनला असतो.

लंडन ते हैदराबाद सात हजार सातशे किलोमीटर, साडेनऊ तास. पुढं लहान विमानानं नांदेड. तिथून लातूर तीन तास. माझे मालक गुरुलिंग त्याला आणायला गाडी घेऊन नांदेडला निघाले. माझी लेक ऋतुजा फोनमधल्या नकाशावर विमान बघत बसली.

सकाळी सात वाजता विमान हैदराबादला उतरायला पाच तास उरले होते. सासूबाईंची हनुवटी किंचित वर झाली होती. मी सरळ केली. नऊला तीन तास उरले, तेव्हा त्यांचं तोंड मांडवाच्या झालरीकडं होतं. मेल्यावर मान आखडते, असं मी वाचलं होतं. आखडलेली मान हलत नाही, हेही त्याच पानावर होतं. जिवंतपणी ही मान माझ्यापुढं कधी वाकली नाही, आता काय वाकणार, म्हणत मी ती रुमालानं फळीला बांधली.

सव्वाअकराला ऋतुजा म्हणाली, विमान आता लातूरवरून चाललंय.

सासूबाईंचं तोंड सरळ वर, मांडवाच्या कापडाकडं होतं. रुमालाची गाठ सुटली नव्हती.

भजन जरा मोठ्यानं सुरू झालं.

बाराला विमान हैदराबादला उतरलं. 'पोचलो' असा विरूपाक्षाचा निरोप आला. मला वाटलं, आता मान खाली येईल. तीनला नांदेडहून मालकांचा फोन आला, भेटला, निघालो. मान वरच.

सहाला गाडी दारात आली. तोच विरूपाक्ष. भुवईवर लहानपणीची खूण, उजवा खांदा जरासा पडका. रडला. माझ्या पाया पडला. वाटेत काय बोलला, असं मी मालकांना हळूच विचारलं. काहीच न्हाई, म्हणाले, आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धुतच होते.

विरूपाक्ष आईसमोर बसला. मी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं खाली केलं. माझ्या तळव्याखाली ते सावकाश वर आलं.

पुन्हा खाली केलं.

पुन्हा वर.

सगळे आपापल्या पायांकडं बघत होते. दिवस मावळायला आला होता. विधी करणाऱ्या जंगम स्वामींनी विरूपाक्षाच्या बोटांवर विभूती दिली. ती आईच्या कपाळाला लावली की उचलायचं.

त्याचा हात पुढं झाला.

नांदेडचे रेवणप्पामामा, सासूबाईंचे धाकटे भाऊ, सकाळपासून बहिणीच्या मानेकडंच बघत बसले होते. त्यांनी तो हात मनगटाशी धरला.

"गुरुलिंग, कुणाला घेऊन आलास तू? ताई अजून वरच बघायलीय. आपला विरूपाक्ष उतरला न्हाई."