चार मोजेपर्यंत

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही मानली नाही तरी माझी हरकत नाही. मीही आधी मानली नव्हती.

हे घडलं माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. आणि घडलं ते भर दुपारी, मोकळ्या मैदानात, हजारो माणसांसमोर. अमावस्या नव्हती, स्मशान नव्हतं, साधा दिवाही लागला नव्हता. भुताला अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

ती ड्रम वाजवते. रॉक बँडमध्ये. तिचं नाव सांगत नाही, कारण ती अजून त्याच बँडमध्ये आहे. तिथे तिला सगळे 'बदली' म्हणायचे. आपणही तेच म्हणू.

आधी ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दिवसभर काचा, आणि दुकान बंद झालं की मागच्या खोलीत ड्रम. मग कळलं की एका नावाजलेल्या बँडचा ड्रमर अपघातात गेला आणि ते नवा माणूस शोधताहेत. ही जाऊन वाजवून आली. मॅनेजर म्हणाला, हंगामभर फिर आमच्याबरोबर, शेवटच्या महोत्सवानंतर ठरवू तुला ठेवायचं की नाही. हिने त्याच दिवशी दुकान सोडलं. मालकाने आठवड्यात दुसरी मुलगी घेतली. तिचे वडील, म्हणजे आमचे काका, तिला म्हणाले की परतीचे दोर कापून निघालीस, आता रडत आलीस तर दार उघडणार नाही. काका बोलतात ते करतात, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

तर तिला ती जागा हवी होती. काहीही करून हवी होती.

आता एक गोष्ट समजून घ्या. स्टेजवर इतका गोंगाट असतो की वाजवणाऱ्याला स्वतःचंच ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येकजण कानात इअरफोन घालतो. ड्रमरच्या कानात सतत टिकटिक चालू असते. त्या टिकटिकीवर गाणं चालतं, दिवे चालतात, धूर आणि आगसुद्धा.

पहिल्याच कार्यक्रमात, पहिल्या गाण्याआधी, टिकटिकीच्या वर तिला एक आवाज ऐकू आला.

"एक... दोन... तीन... चार."

पुरुषाचा आवाज. जरा बसलेला. 'चार'च्या आधी छोटासा श्वास.

ती दचकली नाही. पुष्कळ बँड असे आकडे आधीच रेकॉर्ड करून ठेवतात. तिने कुणाला विचारलंही नाही. नव्या माणसाने फार विचारलं की तो कच्चा आहे हे कळतं, आणि तिला कच्चं दिसून चालणार नव्हतं.

तिथेच चुकलं.

बँडचा गायक दिसायला देखणा, आवाजाने सोनं, जिभेने विंचू. रोज स्टेजवरून तो लोकांना सांगायचा, "आमचा खरा ड्रमर वरून ऐकतोय. खाली ही बदली आहे, सांभाळून घ्या." लोक हसायचे. ती मान खाली घालून वाजवायची. त्या खऱ्या ड्रमरला सगळे 'टोल्या' म्हणायचे. गायक त्याचं इतकं कौतुक करायचा की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. जिवंत होता तेव्हा हाच गायक त्याला कुत्र्यासारखा वागवायचा, हे तिला नंतर कळलं.

जेवताना तिच्याशी कुणी बोलायचं नाही. गाडीत तिची जागा मागच्या टायरवर, सामानाच्या पेट्यांशेजारी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण गरजवंताला अक्कल नसते. ती गप्प राहिली.

आणि एका कार्यक्रमात, दोन गाण्यांच्या मध्ये...

"घाई नको."

कानात. तोच आवाज.

तिला वाटलं, साउंडवाला असेल. त्याच्याकडे माइक असतो. तिने वेग सांभाळला आणि गाणं पहिल्यांदा बसलं. पुढच्या गावी आवाज म्हणाला, खांदे सैल सोड. तिने सोडले. मग एकदा नुसतं म्हणाला, "छान."

ती मला म्हणाली, "दादा, त्या एका शब्दावर मी दोन दिवस काढले."

खोटं कशाला बोलू, तिला तो आवाज आवडायला लागला होता. दगडापेक्षा वीट मऊ. अख्ख्या दौऱ्यात तिच्याशी नीट बोलणारं तेवढंच कुणीतरी होतं.

मग तो पेट्रोल पंप आला.

त्या बँडची एक पद्धत होती. वाटेत कुठेही गाडी थांबली की निघताना आतला एकजण मोठ्याने चार आकडे मोजायचा. चार म्हटलं की गाडी सुटायची. जो बाहेर राहील त्याने मागून पळायचं आणि बाकीच्यांनी मागच्या काचेतून हसायचं. ती आल्यापासून हे कुणी केलं नव्हतं. त्या सकाळी ती हात धुऊन बाहेर आली, तेव्हा तिला गाडीतून गायकाचा आवाज ऐकू आला. तो मोजत होता. ड्रायव्हर खाली उतरून उभा होता. त्याने किल्ली सीटवर टाकली होती आणि मी चालवणार नाही म्हणून सांगितलं होतं. मग गायकाने त्याला मागे बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि गाडी सुटली.

ती पळाली. भर रस्त्यावर, मागून गाड्या येत असताना, बरंच अंतर पळाली. काचेतून सगळे हसत होते.

गाडी थांबली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती. कुणी ती आणायला मागे जाऊ दिलं नाही.

त्या दिवशी दुपारच्या कार्यक्रमात तिने इअरफोन घातले. टिकटिक सुरू झाली. आणि मग, अगदी हळू...

"तुलाही पळवलं?"

तिच्या हातातली काठी सुटता सुटता राहिली.

साउंडवाला पंपावर नव्हता. तो सामानाच्या ट्रकमधून पुढे आला होता.

कार्यक्रम संपल्यावर ती त्याच्याकडे गेली. सहज विचारल्यासारखं विचारलं की गाण्याआधी आकडे मोजतो तो आवाज कुणाचा आहे. तो तार गुंडाळत होता. म्हणाला, कसले आकडे? तुझ्या कानात मी फक्त टिकटिक पाठवतो. आणि ड्रमवाल्याशी बोलायला माझ्याकडे माइकच नाही, दौरा सुरू व्हायच्या आधीच बिघडलाय. तिला पटेना म्हणून त्याने स्वतःचे हेडफोन दिले आणि पहिल्या गाण्याची सुरुवात लावली.

टिक. टिक. टिक. टिक.

बस. एवढंच.

मग तिने ड्रायव्हरला गाठलं. तो गाडीच्या सावलीत बसून डबा खात होता. आधी तो बोलायलाच तयार नव्हता. तिने आवाजाचं सांगितलं. बसलेला आवाज, चारच्या आधी श्वास. ड्रायव्हरने डब्याचं झाकण लावलं.

चार मोजायची ती पद्धत टोल्याचीच होती. रेंगाळणाऱ्यांना आत आणायला तो गमतीने मोजायचा, पण गाडी कधी हलू द्यायचा नाही. गाडी खरोखर सोडायची कल्पना गायकाची. त्या दिवशी टोल्या रस्त्याकडेला उभा राहून आईशी फोनवर बोलत होता. गायक आतून ओरडला, "एक, दोन, चार." तीन म्हटलंच नाही. ड्रायव्हरने सवयीने गाडी सोडली. टोल्या हसत हसत मागे पळाला, फोन कानालाच होता. मागून ट्रक आला.

"आम्ही काचेतून बघत होतो," ड्रायव्हर म्हणाला. "तो खाली गेला तरी आतले हसतच होते. कळायला वेळ लागला."

नंतर गायकाने सगळ्यांना सांगितलं की टोल्या प्यायलेला होता. त्याच्या आईलाही तेच सांगितलं. तो दारूला शिवत नव्हता, पण बाकीच्यांनी माना डोलावल्या. ड्रायव्हरनेही डोलावली. पोट सगळ्यांना आहे.

बदलीने बँड सोडायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पण शेवटचा महोत्सव चार दिवसांवर होता, आणि घरी काका होते.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी तालीम झाली. आवाज आला नाही.

आकडे नाहीत. शब्द नाही. श्वाससुद्धा नाही. नुसती टिकटिक.

तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. घरातलं माणूस न सांगता बाहेर गेल्यावर वाटतं तसं वाटलं. तिची लय दोनदा चुकली. गायकाने माइकवरून, मैदानभर ऐकू जाईल असं सांगितलं की आजचा दिवस कसाबसा काढ, उद्या तुझ्या दुकानात काचा पुसायला जायचंय.

दुपारी कार्यक्रम सुरू झाला. डोक्यावर ऊन. गर्दीचा शेवट दिसत नव्हता.

शेवटच्या गाण्यात एक ठरलेली जागा होती. सगळी वाद्यं एकदम थांबायची. गायक स्टेजच्या अगदी कडेला यायचा, जिथून आगीच्या ज्वाळा उडतात त्या नळ्यांच्या वर. डोळे मिटून हात पसरायचा. लोकांचा ओरडा ऐकायला कानातले इअरफोन काढून टाकायचा. शांततेत चार ठोके जायचे, ते फक्त बाकीच्यांच्या कानात. चौथ्या ठोक्याला ड्रमरने जोरात वाजवायचं. तो आवाज ऐकून गायक मागे उडी मारायचा, आणि पुढच्याच ठोक्याला ज्वाळा. ज्वाळा कॉम्प्युटरवर होत्या, त्या कुणासाठी थांबत नाहीत. साउंडवाल्याने पूर्वी अनेकदा बजावलं होतं. गायक म्हणायचा, ड्रमर कशाला ठेवलाय मग.

ती जागा आली. वाद्यं थांबली. गायक कडेला गेला. हात पसरले.

बदलीने काठ्या वर उचलल्या.

आणि कानातली टिकटिक बंद झाली.

मग...

"एक."

तो आला होता.

"दोन."

अगदी जवळून. तिच्या मानेवर श्वास लागला, असं ती सांगते.

"तीन."

आणि पुढे काहीच नाही.

ती थांबली. काठ्या हवेत. चार कधी येतो हे तिला ठाऊक होतं. हंगामभर वाजवलेली जागा होती ती, झोपेतसुद्धा चुकली नसती. पण ती त्याच्या 'चार'ची वाट बघत राहिली. समोर गायकाची पाठ होती, पसरलेले हात होते.

"माझे हात कुणी धरले नव्हते, दादा," ती मला म्हणाली. "तेवढं मी खरं सांगते."

ज्वाळा उडाल्या.

गायक त्यांच्या आत होता.

आणि मग कानात, छोटा श्वास घेऊन, तो म्हणाला...

"चार."

तिने वाजवलं. तिचं वाजलं म्हणून सवयीने गिटार सुरू झाली. लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. मैदान नाचायला लागलं. गायक जमिनीवर लोळत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

तो वाचला. वाचला म्हणजे आहे. चेहऱ्याचं सांगत नाही. गळ्यात गरम हवा गेली, आता पाणी मागायचं तरी पाटीवर लिहून दाखवतो. त्याची आई त्याला चमच्याने भरवते. बँडमधलं कुणी भेटायला जात नाही.

चौकशी झाली. बदलीच्या कानात जे जे गेलं ते सगळं मशीनमध्ये रेकॉर्ड झालेलं असतं. सगळ्यांनी बसून ऐकलं. टिकटिक कुठेही थांबली नव्हती. चारही ठोके स्वच्छ होते. सगळे तिच्याकडे बघत राहिले. मॅनेजर म्हणाला, पोर घाबरली, होतं असं. अपघात म्हणून कागद मिटला.

आणि तिला कायम केलं. त्या दुपारचा व्हिडिओ जगभर पसरला होता, बँडला पूर्वीपेक्षा जास्त कार्यक्रम यायला लागले होते. आता तिला कुणी बदली म्हणत नाही. गाडीत तिला पुढची सीट असते.

आवाज पुन्हा आला नाही. महिने गेले. मला वाटलं, सुटली.

परवा तिचा फोन आला. बँडने नवी गायिका घेतली आहे. लहान मुलगी आहे, गुणी आहे, सगळ्यांना ताई-दादा करते. आदल्या दिवशीच्या कार्यक्रमानंतर ती हिच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "ताई, मी गाताना तुम्ही कानात सांगत असता ना, कुठे उभं राहायचं ते. आवाज ओळखते मी तुमचा. तेवढा एक आधार वाटतो बघा."



ड्रमजवळ तिला माइक नाही. कधीच नव्हता.

मी विचारलं, आगीच्या नळ्या अजून असतात का. ती म्हणाली, असतात. लोक आता त्याच बघायला येतात.

मी म्हणालो, त्या मुलीला आत्ताच्या आत्ता सांग की तू काही बोलत नाहीस.

"सांगितलं तर मला वेडी ठरवतील," ती म्हणाली. "दादा, आत्ता कुठे माझी जागा पक्की झालीय."

मग तिला कुणीतरी हाक मारली, आणि तिने फोन ठेवला.