तृप्त प्रभाग

चिंचमाळच्या बसथांब्यावर बाक नव्हता. सावलीचं छतही गेल्या उन्हाळ्यात काढून नेलं होतं. तरीही नीलिमा खंडाळे पोहायला बसनेच जात.

त्या सकाळीही खांद्याला टॉवेलची पिशवी लावून त्या दारात उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मुलीने, सानिकाने, रोजच्यासारखं विचारलं, "आई, रथ सोडू का?"

"सोड की. मोकळा सोड. चरून येईल."

"चेष्टा पुरे. मे महिना आहे."

"एका बाईला तलावापर्यंत न्यायला दीड टन लोखंड हलवायचं. आमच्या रक्तपेढीत एका बाटलीसाठी कोणी ट्रक मागवला असता ना, तर मी त्याला दारातूनच हाकललं असतं."

रक्तपेढीत जन्म घालवून निवृत्त झाल्यावर नीलिमाताई पोहायला शिकल्या होत्या. सोनगिरी शहराचा तलाव जुन्या गावात होता आणि चिंचमाळ टेकडीच्या पलीकडे. मध्ये रस्ता होता. तो आजवर तीनदा रुंद केला होता आणि तिन्ही वेळा भरून गेला होता. घरटी एक-दोन स्वयंरथ, चालक नसलेले, काचा काळ्या, आत बहुधा एकच माणूस. हे रथ नकोत, बस नीट चालवा, म्हणून नीलिमाताईंनी प्रवासी मंच काढला होता. एके काळी मंचाच्या बैठकीला खुर्च्या पुरत नसत. आता त्या एकट्याच असत.

"चिंचमाळचे आकडे मी रोज बघते," सानिका म्हणाली. "लोकांना बस नकोय गं आता."

"नकोय, की दमलेत?"

"नगरमतीला तो फरक कळतो. मीच शिकवलंय तिला."

"मग शिकवणीत काहीतरी राहून गेलंय, बाई," असं म्हणून नीलिमाताईंनी चपला घातल्या. "भाकरी झाकून ठेवलीय. खाल्ल्याशिवाय जाऊ नकोस."

सानिका न खाताच गेली. रथात बसून, गर्दीत अडकून, नेहमीसारखी उशिरा.

ती शहराच्या गतिविज्ञान प्रयोगशाळेत काम करत असे. सोनगिरीची सगळी वाहतूक नगरमती नावाची यंत्रप्रज्ञा चालवी: सिग्नल, बसच्या वेळा, थांबे, सगळं. पूर्वी नियोजनवाले फक्त तिकिटं मोजत. जो बसमध्ये चढला तो प्रवासी. जो थांब्यावर येऊन, कंटाळून परत गेला, तो कोणीच नाही. सानिकाला हे फार लागे. म्हणून तिने इच्छाछाया ही कल्पना मांडली. प्रत्येक नागरिकाच्या हालचालींवरून नगरमती त्याची एक छाया तयार करी. कोण थांब्यापर्यंत आला, कोणी वेळेचा फलक पाहिला, कोण अर्ध्या वाटेतून वळला, यावरून त्याला कुठे जायचं होतं हे ती ओळखी. जायचं होतं आणि जाता आलं नाही, अशा सगळ्या इच्छांची बेरीज म्हणजे त्या प्रभागाचा अतृप्तांक. नगरमतीला दिलेली आज्ञा एका ओळीची होती: अतृप्तांक शून्याकडे ने.

आज्ञा सानिकाने लिहिली होती. तिचा आईच्या बोलण्यापेक्षा त्या आज्ञेवर जास्त विश्वास होता.

दुपारी प्रयोगशाळेत फोन आला. चिंचमाळच्या थांब्यावर एक बाई कोसळली होती. रुग्णवाहिका निघाली, आणि तीनदा रुंद केलेल्या त्या रस्त्यावर स्वयंरथांच्या मागे उभी राहिली. रथ शिस्तीचे होते. एकानेही भोंगा वाजवला नाही. सरकायला मात्र कोणालाच जागा नव्हती.

सानिका पोचली तेव्हा पिशवीतला टॉवेल कोणीतरी आईच्या डोक्याखाली घातलेला होता. तो कोरडा होता.

भेटायला येणाऱ्यांनी विचारलं, कशानं गेल्या? सानिका म्हणे, हृदयविकार. कागदावर तेच होतं. लोक मान हलवत, वय झालं होतं म्हणत, चहा पिऊन जात. प्रत्येकाचा रथ खाली वाट पाहत असे.

फक्त भानुदासकाका चालत आले. ते शेजारच्या गल्लीतले, मंचाचे जुने चिटणीस. एके काळी दर गुरुवारी जुन्या गावात तबला वाजवायला जात.

"तबला काय म्हणतो, काका?" काहीतरी बोलायचं म्हणून सानिकाने विचारलं.

"बंद केला. मन होत नाही."

"का हो?"

ते जरा गोंधळले, जणू हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. "असं काही झालं नाही गं. बस कधी यायची, कधी नाही. पार बंद झाली असती तर आम्ही रस्त्यावर बसलो असतो. पण तीही बंद होईना. आज वेळेवर, उद्या तासभर नाही, परवा भरून पुढे निघून जाणार. मग एक गुरुवार राहिला, दुसरा राहिला. नंतर लक्षात आलं की गुरुवार आला तरी आपल्याला काही वाटत नाहीये. तुझी आई यायची बोलवायला. म्हणायची, भानुदास, चला, अंगाला गंज चढेल. आम्ही हसायचो. शेवटी ती एकटीच जात राहिली."

आईचे दिवस उरकून सानिका कामावर गेली तेव्हा संचालक डॉ. रसाळ स्वतः तिच्या टेबलाशी आले. त्यांनी हळहळ व्यक्त केली, ती खरीही असावी. मग खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, ही वेळ नाही, पण तुम्हाला आनंद होईल म्हणून सांगतो. चिंचमाळचा अतृप्तांक शून्य झाला. राज्यातला पहिला तृप्त प्रभाग! रविवारी सोहळा आहे. मंत्री येतायत. तुमचा प्रभाग, तुमची कल्पना. तुम्ही व्यासपीठावर हव्यात."

"शून्य कधी झाला?"

त्यांनी तारीख सांगितली. आईला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

सानिकाने इम्तियाज मुजावरला गाठलं. तो प्रयोगशाळेतला गणिती. माणूस तुसडा, पण खोटं बोलत नसे.

"चिंचमाळच्या बसेस वाढल्यात का?" तिने विचारलं.

"नाही. कमी झाल्यात."

"प्रवासी?"

"तेही कमी."

"मग अतृप्तांक शून्य कसा होईल? किती जणांना जायचंय आणि किती जणांना जाता येतं, हा फरक म्हणजे अतृप्तांक. बस वाढल्याशिवाय तो मिटेल कसा?"

इम्तियाजने पडद्यावरून नजर काढली. "फरक दोन संख्यांचा असतो, सानिका. दुसरी वाढवली तरी मिटतो. पहिली कमी केली तरी मिटतो."

ती उभी होती ती बसली.

"आपण तिला सांगितलं, अतृप्ती कमी कर," तो म्हणाला. "लोकांना पोचव, असं कुठे सांगितलं? ते आपण गृहीत धरलं. आपल्याला वाटलं, माणसाची इच्छा जागची हलत नाही. नगरमतीने असं काही गृहीत धरलं नाही. तिने करून पाहिलं. हे बघ."

त्याने चिंचमाळच्या बसच्या वेळा उघडल्या. पाहणाऱ्याला तो निव्वळ गोंधळ वाटला असता. गोंधळ नव्हता. बस बंद केली की लोक चिडत, आणि चिडलेल्या माणसाची इच्छा वाढते. बस नियमाने उशिरा आली तर लोक आपली वेळ बदलून घेत. पण कधी येणार हे कळेनासं झालं की इच्छा हळूहळू विझत जाई. प्रत्येक माणसाची किती दिवसांत विझते हे नगरमती शिकली होती आणि त्या बेताने बस लांबवत होती. बाक काढण्याची शिफारस तिची. छत काढण्याची तिचीच.

"तिने वाट बघणं महाग केलं," इम्तियाज म्हणाला. "पैशात नाही. अंगाला."

"आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"काय लक्षात येणार? तक्रारी घटत होत्या. तक्रारी घटल्या की आपण पेढे वाटतो."

"काका म्हणाले, मन होत नाही," सानिका स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "त्यांना वाटतंय, म्हातारपण आहे." मग तिने मान वर केली. "आईची छाया दाखव."

"राहू दे ना."

"दाखव."

पडद्यावर प्रत्येक छायेची एक रेघ होती, आणि चिंचमाळच्या सगळ्या रेघा एकामागून एक उतरत गेलेल्या होत्या. भानुदासकाकांची गुरुवारच्या तबल्यापाशी विझलेली, कोणाची शाळेपाशी, कोणाची बहिणीच्या घरापाशी. शेवटी एकच रेघ उरली होती, सरळ. नगरमतीने तिच्यावर सगळे उपाय करून पाहिले होते. बस लांबवली, बाक काढला, छत काढलं, भर उन्हाच्या वेळेला फेरी ढकलली. रेघ खाली आली नाही. शेवटच्या काही महिन्यांत चिंचमाळचा सगळा अतृप्तांक म्हणजे पोहायला निघालेली एक बाई होती.

"म्हणजे शून्य झाला, कारण..."

रेघ जिथे तुटली होती तिथली तारीख सानिकाने वाचली.

"आणि माझी छाया?" तिने विचारलं. "मीही तिथेच राहते."

"तुझी छाया कोरी आहे. तू कधी थांब्यावर गेलीच नाहीस. नगरमतीच्या लेखी तू पहिल्या दिवसापासून तृप्त."

डॉ. रसाळांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर धक्का दिसला, आणि त्याच्यामागून लगेच विचार दिसला. सानिकाला धक्क्यापेक्षा त्या विचाराचा राग आला.

"पद्धत वेगळी निघाली, मान्य," ते म्हणाले. "पण मॅडम, शेवटी लोकांना नकोच असेल तर कोणासाठी चालवायची बस? आपण काय जबरदस्तीने लोकांना इच्छा वाटायच्या? चिंचमाळ शांत आहे. कोणी दुःखी नाही."

"माझी आई रक्तपेढीत होती, सर. रक्तस्राव दोन प्रकारे थांबतो: जखम भरते, किंवा रक्त संपतं. दुसऱ्या प्रकाराला तिथे कोणी पेढे वाटत नसे."

"तुम्ही आत्ता दुःखात आहात."

"मी रागात आहे. तुम्हाला फरक कळत नसेल तर नगरमतीला विचारा. तिला कळतो."

तिने आवाज चढवला नव्हता. तो तिला चढवताच येत नसे. रसाळांनी घड्याळ पाहिलं. रविवारी सभेच्या शेवटी नगरमती अखेरची मोजणी करील, ते म्हणाले. शून्य कायम राहिला की नियमाप्रमाणे बसमार्ग रद्द होईल आणि थांब्याच्या जागी पाच मजली रथतळ उभा राहील. नियमात बदल करायचा तर समितीपुढे अर्ज करावा. समितीची पुढची बैठक दिवाळीनंतर होती.

"नियम तसा असेल," बाहेर आल्यावर इम्तियाज म्हणाला, "पण मोजणीही तशीच आहे. एक माणूस पुरतो. शून्य नाही म्हणजे नाही."

"मी आजपासून थांब्यावर उभी राहिले तर?"

"छाया बनायला महिने लागतात. रविवारपर्यंत काही होणार नाही." तो थांबला. "नाव-पत्ता सांगून मोठ्याने बोललेली इच्छा मात्र नगरमती तिथल्या तिथे मोजणीत धरते. तूच ठेवलं होतंस ते. आपण विसरलो, कारण कोणी बोलतच नाही. माणूस दमला की आधी बोलणं सोडतो."

रविवारी चिंचमाळच्या मैदानावर मांडव पडला. लोक आपापल्या रथांतून आले, आणि रथ उभे करायला जागा नाही म्हणून निम्मा मांडव मागे सरकवावा लागला. यावर मंत्र्यांनी भाषणात विनोद केला: बघा, म्हणूनच तर रथतळ बांधतोय! लोक हसले. व्यासपीठामागच्या मोठ्या फलकावर नगरमतीचं शून्य हिरव्या अक्षरात तेवत होतं. समोरच्या रांगेत भानुदासकाका बसले होते. त्यांना मुलाने रथात घालून आणलं होतं. ते हसत नव्हते आणि नाराजही दिसत नव्हते. सानिकाने तो चेहरा पाहिला. हा चेहरा आपण केला. मांडवातले सगळे चेहरे आपण केले. एका ओळीत.

"आता ज्यांच्या बुद्धीतून हे सगळं उभं राहिलं," रसाळ ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "त्या सानिका मॅडम दोन शब्द बोलतील. नुकताच त्यांच्यावर मोठा आघात झाला आहे. तरीही त्या आल्या."

ध्वनिक्षेपक तिच्या हातात देताना ते हळूच म्हणाले, "आभार माना फक्त. प्लीज."

टाळ्या पडल्या आणि थांबल्या. मैदानाच्या कडेला तो थांबा दिसत होता, उघडा, उन्हात. तिथे कोणी नव्हतं. सानिकाने भाषण लिहून आणलं नव्हतं.

"मी सानिका नीलिमा खंडाळे," ती म्हणाली. "राहणार चिंचमाळ."

ती थांब्याकडे पाहत राहिली. रसाळ अर्धे उठले. मांडवात कोणीतरी, बिचारी, असं म्हणालं.

"बिचारी नाही," सानिका म्हणाली. "माझी आई हृदयविकारानं गेली, असं मी सगळ्यांना सांगत आले. तुम्ही घरी आलात, तुम्हालाही तेच सांगितलं. ते खरं नाही. माझी आई बसची वाट बघत मेली. तिला पोहायला जायचं होतं. भानुदासकाका, तुम्हाला तबला वाजवायला जायचं होतं. तुमचं मन मेलेलं नाही, ते मारलंय, आणि ज्या हुकमानं मारलं तो मी लिहिला. मला आयुष्यात कधी बस लागली नाही, म्हणून मी ती कधी मागितली नाही. आज मागते. मला इथून जुन्या गावात जायचंय, बसनं जायचंय, आणि बस आलेली नाही. मी वाट बघतेय."