हळूहळू दाबू का?

शप्पथ सांगतो, यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. बुधवारची भरदुपार होती. माझंच गॅरेज, शटर अर्धं खाली.

आत दादाची जुनी गाडी. मागून पार चेपलेली.

ती अशी चेपायच्या आधी, चढावर गाडी मध्येच दम सोडते, अशी दादाची तक्रार होती. म्हणून मी थ्रॉटल पोझिशन सेन्सर तपासला होता. अॅक्सिलरेटर किती दाबलाय, ते तोच इंजिनला कळवतो. मी बॉनेटपाशी मीटर धरून, दादा सीटवर.

"हळूहळू दाबू का रे?"

"एकदम दाब! पोटात कावळे ओरडतायत."

त्याने खाड्कन दाबला. सुरुवातीचा आकडा बरोबर, शेवटचा बरोबर. मध्ये कुठे आकडा तुटतो का, ते हळू दाबल्यावरच कळतं; पण मधलं कोण बघत बसतंय! "ठणठणीत आहे," म्हणालो.

तिसऱ्या दिवशी भररस्त्यात गाडीने मान टाकली. मागून ट्रक आला. दादा जागच्या जागी गेला.

लोक म्हणाले, डुलकी लागली असेल.

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना दुपारी कधी झोप यायची नाही हो. तुम्ही एकदा गाडी बघा ना."

म्हणून बघत होतो. देवा, सेन्सर चांगला निघू दे, एवढंच मागत होतो.

चावी फिरवली. मीटर लावला. अर्धा व्होल्ट.

मी अजून कशालाच हात लावला नव्हता...

...आणि आकडा चढायला लागला.

हळूहळू. एक... सव्वा... दीड... पावणेदोन...

अॅक्सिलरेटरची केबल आपोआप ताणली जात होती.

मग शून्य.

आकडा तिथेच थांबला... मला नीट दिसेपर्यंत.

वाकून आत पाहिलं. सीट रिकामी. पेडल अर्धं दाबलेलं.

"दादा, चुकलो रे! सोड आता!"

ढसाढसा रडत मी दोन्ही हातांनी पेडल वर ओढलं. येईना.

वरून कुणाचा तरी भार होता...

शटरखाली वहिनींच्या चपला दिसल्या. "भाऊजी, काही सापडलं का?"

"नाही वहिनी. गाडी चांगली होती."

माझ्या हातातलं पेडल आणखी खाली गेलं.

त्यानंतर कुठलीही गाडी तपासायला घेतली, की पेडल दाबायला मला माणूस बोलवावा लागत नाही...

परवा वहिनी कुणाला तरी सांगत होत्या, "ह्यांचाच डोळा लागला असणार."

मी तिथेच उभा होतो.

त्या नेटवरची असली भुताच्या गोष्टींची पानं वाचत नाहीत, म्हणून इथे लिहिलं.