बारा नंबरच्या संगणकावर कोण बसायचं?

"सर, बारा नंबर का खोडताय?" चष्मिशनं विचारलं.

सुट्टीतला शेवटचा शनिवार होता. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं त्यांच्या वर्गाचं संकेतस्थळ पाच वाजता कायमचं गोठणार होतं. मग नवा धडा नाही, दुरुस्ती नाही. आभाराचं पान आज जसं असेल तसंच राहणार. धडे लिहिणाऱ्या प्रत्येकाचा संगणक ठरलेला, त्यामुळे सर नंबर बघून नावं चढवत होते. बारावर कोणीच बसत नसे. यंत्राचा काहीतरी घोळ असेल, म्हणत त्यांनी रेघ ओढली आणि ते चहाला गेले.

घोळ कसला? बारावरून चांगले तेवीस धडे आले होते! सरांनी तीनदा समजावूनही चष्मिशच्या डोक्यात न शिरलेली 'लूप'ची, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगण्याची, गोष्ट त्यातल्याच एका धड्यानं शिरली होती: फरशी ओली आहे तोवर पुसत राहा, कोरडी झाली की थांब.

त्याच्या ताईनं धडे पाठवल्याच्या वेळा काढल्या. सगळ्या दुपारी एक ते दोनमधल्या. तेव्हा तर वर्गाला कुलूप असायचं. एरवी जिच्या तोंडाला क्षणभर विसावा नसतो त्या शेजारच्या बडबडीनं आधी दाराच्या कुलपाकडे पाहिलं.

"किल्ली मावशींकडे असायची," ती हळूच म्हणाली.

झाडलोट करणाऱ्या मावशी. वर्ग बंद होणार म्हणून त्यांना मागच्याच आठवड्यात कामावरून कमी केलं होतं.

सर परतले. मुलांचं ऐकून त्यांनी धडे पुन्हा वाचले, ते ओशाळले आणि आभाराचं पान उघडून बसले. पण नाव काय लिहायचं? त्यांना ठाऊक नव्हतं. हजेरीच्या वहीत पहिल्या पानापासून नुसतं 'मावशी'. सव्वाचार वाजले होते.

तिघं धूम पळाली. पाण्याच्या टाकीमागे मावशींची खोली होती. तिला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, त्या सकाळीच सामान घेऊन मुलीकडे गेल्या. कुठल्या गावाला, माहीत नाही. फोनही नाही त्यांच्याकडे.

"निदान त्यांचं नाव तरी?" ताईनं विचारलं.

शेजारीण बराच वेळ आठवत राहिली. "अगं, आम्ही सगळे मावशीच म्हणतो."

परत येईपर्यंत पाच वाजायला सात मिनिटं उरली होती. सरांनी मुलांची पाठ थोपटली. मोठ्यांच्या लक्षात आलं नाही ते तुम्ही शोधलंत, म्हणाले. कोणालाच बरं वाटलं नाही.

"दोन वर्षं त्या माझ्या खुर्चीखाली झाडायच्या," ताई म्हणाली. "मी नुसते पाय वर घ्यायचे." तिचे डोळे भरून आले.

मग तिनंच टाइप केलं: 'बारा नंबरवरच्या मावशी, तेवीस धड्यांबद्दल आभार. तुमचं नाव आम्ही कधी विचारलंच नाही.'

पाच वाजले. पान आता तसंच राहणार होतं.