जावळाचा आलेख

नाशिकच्या एका जीवरसायन प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर तीन वर्षांच्या मुलीचा एक केस ताणून बसवला होता. तिचा बाप, डॉ. हेरंब टिळेकर, त्या केसाकडे निकाल आधीच ठाऊक असलेल्या परीक्षकाच्या तोऱ्यात पाहत होता.

हेरंबने आयुष्यात कुठलीच गोष्ट तक्ता केल्याशिवाय निवडली नव्हती. लग्नाच्या वेळीही तक्ता होता, त्यात मी दुसरी आले होते आणि पहिली नको म्हणाली, असं त्याची बायको मनवा चारचौघांत सांगे. लेकीसाठी, जुईसाठी, पाळणाघर निवडताना त्याने बेचाळीस निकष काढले. एका ताईमागे मुलं किती, खिडक्या किती, गोष्टींची पुस्तकं फाटलेली किती आणि धड किती. या तक्त्यात विमलताई गायधनींचं पाळणाघर तळाला होतं. पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या, आणि भिंतींवर मुलांच्या हातांचे ठसे. जवळ म्हणून जुईला आठ महिने तिथे ठेवलं. पण संध्याकाळी सहाला तो न्यायला गेला की ती रडायची. शेवटी त्याने तिला तक्त्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या 'नवांकुर'मध्ये घातलं आणि सोसायटीच्या गटावर संदेश टाकला, 'गायधनींकडे मुलांवर ताण येतो. माझा अभ्यास आहे.' आठवड्याभरात आणखी पाच मुलं विमलताईंकडून निघाली.

आता गटावर दोघं-तिघं पुरावा मागत होते. उद्या रहिवाशांची बैठक होती.

"मुळाकडची बाजू कुठली ते तरी नीट ठेवलंय ना?" डॉ. रुक्साना मुजावरनी विचारलं. केशवाचक हे यंत्र त्यांचं.

"दोरा बांधलाय. जावळाच्या दिवशी जुई मामाच्या मांडीवर, आत्या केस झेलतेय आणि मी चिमटा घेऊन आत्याच्या मागे. मेहुणा अजून बोलत नाही माझ्याशी."

"बरोबरच आहे त्याचं." रुक्सानाबाईंनी यंत्र सुरू केलं. "पण नमुना झकास आहे. जन्मापासून कात्री न लागलेला. ताण आला की रक्तात ताणरस वाढतो आणि वाढत्या केसात मुरतो. केस दिवसाला मिलिमीटरचा साधारण तिसरा हिस्सा वाढतो. पूर्वी आपण महिन्या-महिन्याचे तुकडे पाडायचो."

"आणि महिन्याची सरासरी मिळायची. ती कुणालाही दोषी ठरवते."

"आता दोन-दोन तासांच्या चकत्या. गाढ झोपेत ताणरस उतरतो, तिथे खाच पडते. खाचा मोजल्या की तारीख कळते. सकाळी उठताना तो सगळ्यांचाच चढतो, तेवढा वजा केलाय."

पडद्यावर रेघ उमटू लागली. विमलताईंकडचे आठ महिने. सकाळ सपाट, दुपार सपाट, आणि मग एकदम सुळका. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशीही.

"बघा!" हेरंबने टेबलावर हात आपटला. "रोज! मी म्हणत नव्हतो?"

"किती वाजता आहे हो हा?"

"सहा ते आठच्या चकतीत."

"आणि गायधनींचं पाळणाघर सुटतं किती वाजता?"

हेरंबचा हात टेबलावरच राहिला. "सहाला."

"मग दिवसभर पोरगी मजेत होती. घरी काही होतं का?"

"घरी काय होणार? रविवार बघा ना."

रविवार बघितला. ताटासारखा सपाट. दिवसभर घर होतं, आई होती, बाप होता, आणि सुळका नव्हता. रुक्सानाबाईंनी पट्टी पुढे सरकवली. 'नवांकुर'चे चार महिने आले. तिथे सकाळी थोडी थरथर होती. सुळका मात्र होताच, फक्त चार ते सहाच्या चकतीत सरकला होता.

"नवांकुर पाचला सुटतं," हेरंब म्हणाला. विचारलं नव्हतं, तरी म्हणाला.

"टिळेकर, न्यायला गेल्यावर तुम्ही नेमकं काय करता?"

"काही नाही. तपासणी." त्याचा आवाज उतरला. "तक्ता रोज भरावा लागतो ना. दारातच हात बघायचे, नखं बघायची, आ करायला लावून तोंड बघायचं. कुठे खरचटलंय का. मग बारा प्रश्न. आज कोण रडलं, ताई ओरडली का, गोष्ट कुठली सांगितली. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं. रविवारी पाळणाघर नसतं, म्हणून तपासणीही नसते."

"मोजणाऱ्यामुळे मोजायची वस्तू बदलते, हे आपण पहिल्या वर्षालाच शिकवतो."

"म्हणजे सुळक्याचा तो तास माझा आहे," हेरंब म्हणाला.

बैठकीत त्याने आलेख दाखवला. पहिल्या रांगेतल्या देवरेकाकांनी विचारलं, "म्हणजे त्या बाईंकडे दोष नाही?"

"नाही."

"मग कुणाकडे आहे?"

त्याने तक्त्यातल्यासारखं नेमकं उत्तर दिलं, "माझ्याकडे." कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. मनवाने तेवढी पाण्याची बाटली पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी तो गिरणीचा जिना चढला. विमलताई मुलांना भाताचे घास भरवत होत्या. त्याचं सगळं बोलणं होईपर्यंत त्यांनी तीन घास भरवले.

"डॉक्टर, तुम्ही आमच्या खिडक्या मोजल्यात. मुलं सकाळी घरून कशी येतात, ते आम्ही कधी मोजलं नाही हो," त्या म्हणाल्या. मग पदराला हात पुसले. "सोमवारपासून आणा. जागा काय, तुम्हीच रिकाम्या करून ठेवल्यात."

"ती इथे... कधी काही बोलायची का?"

"बोलायची कुठे? सहा वाजत आले की खेळ सोडून कोपऱ्यात बसायची आणि एकेक नख निरखायची. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, काय स्वच्छतेची आवड आहे पोरीला!"

सोमवारी सहाला हेरंब दारात उभा राहिला. हातात तक्ता नव्हता, खिशात पेनसुद्धा नव्हतं. जुई ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. तिने वर पाहिलं आणि ठोकळा खाली ठेवला. ती मुकाट्याने चालत त्याच्यासमोर आली. तिने मोठ्ठा आ केला.

"नको, बेटा," तो घाईघाईने गुडघ्यावर बसला. "मिट तोंड. आता नाही बघायचं."

तिने शहाण्यासारखं तोंड मिटलं. मग दोन्ही हात पुढे करून आधी पालथे धरले, मग उताणे, आणि पहिल्या प्रश्नाची वाट पाहत उभी राहिली.