खुडलेली तिळवण

बोरगावच्या त्या बांधावर तिळवणीची बावन्न झाडं होती. फुलं पिवळी, पानं बोटांना चिकटणारी आणि वास इतका उग्र, की परतीच्या निपाणी गाडीत मालूशेजारची जागा रिकामीच राहायची. तिनं झाडांच्या शेंगा मोजून दिवाळीआधी बेळगावच्या कॉलेजातल्या सरांना तक्ता दिला, तर तिथंच प्रयोगशाळेची नोकरी. नाहीतर आप्पांनी हेरून ठेवलेलं खानापूरचं स्थळ.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी ती आली आणि थबकली. एकाही झाडाला शेंडा नव्हता!

एक तरुण बोटांचा चीक मातीत पुसत होता.

"हे... कुणी केलं?"

"मी. धर्मराज. शेत आमचंच हाय." तो खुशीत हसला. "तुमी लई जपता ह्या कानफोडीला. म्हटलं, तंबाखूगत खुडून द्यावी. फूल काढलं की पान जाड होतंय."

"पान कुणाला हवंय? मला शेंगा हव्यात! पिवळी तिळवण आहे ही, तंबाखू नाही!"

तिचे डोळे भरले, तसा तो गडबडला. "रडू नगा... आता बगलेतनं फुटवे येतील. तंबाखूचे आमी मोडतो. हे ठेवू. पयल्यापरीस जास्त शेंगा लागतील."

"कशावरून?"

"मोजा की! तुमाला नाद हायच."

मालूनं डोळे पुसले आणि ओढ्यापलीकडची न खुडलेली बावन्न झाडं तुलनेला धरली. सरांनाही ती कल्पना पसंत पडली.

मग दर शनिवारी दोघं वाकून मोजू लागले. त्यानं शेळ्या हाकलल्या, तिनं त्याला वहीत रकाने आखायला शिकवलं. बोलता बोलता खानापूरचं स्थळही निघालं. त्या दिवशी तो तीन झाडं चुकीची मोजून बसला.

"लक्ष कुठंय?"

"हितंच... जास्त भरल्या, तर त्या पावण्याला न्हाय म्हणशीला?"

"आणि?"

"आनि... मला व्हय."

"कमी भरल्या तर?"

"तुमच्या सरांपुढं कान धरून उभा ऱ्हातो."

"आकडे लाच घेत नाहीत हं," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

शेवटच्या शनिवारी धर्मराजही निपाणी गाडीत चढला आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसला. मालूनं बेरीज केली, भागाकार केला, पुन्हा ताडून पाहिला. मग चिकट बोटांनी वही त्याच्याकडे वळवली.

न खुडलेली: झाडामागे एकोणीस शेंगा. खुडलेली: एकतीस.